पत्रिकेतील एक ओळ

व्यापारी घरात विवाहाची तिथी ठरविताना जितके पंचांगाला विचारावे लागते, तितकेच वहीलाही. आषाढात चातुर्मास बसला की मंगलकार्ये थांबतात. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास उठतो, साधु-साध्वींचा विहार सुरू होतो आणि घरोघरी मुहूर्तांची चर्चा रंगू लागते. डिसेंबरच्या मध्यास धनुर्मास लागतो, ज्याला आपल्याकडे कोणी मळमास, कोणी कमुरता म्हणतात. जानेवारीच्या मध्यापासून पुन्हा काही दिवस मोकळे मिळतात. परंतु मार्च जवळ येऊ लागला की पेढीवर वर्षअखेरच्या हिशेबाची घाई असते. म्हणून कार्तिकी पौर्णिमा ते धनुर्मास हा जेमतेम महिन्याचा काळ व्यापारी कुटुंबांना सर्वांत सोयीचा वाटतो.

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसाराची जुनी पेढी असलेल्या एका कुटुंबाने 2024 साली थोरल्या नातीचे लग्न ठरविले, तेव्हा या दोन कॅलेंडरांत तिसऱ्याची भर पडली. नात मुंबईत एका जनसंपर्क संस्थेत सहा वर्षे काम करीत होती. तिच्याकडील चार कंपन्यांपैकी दोन शेअर बाजारात नोंदलेल्या होत्या. अशा कंपन्यांना तिमाही संपल्यापासून 45 दिवसांच्या आत निकाल जाहीर करावे लागतात. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीची अखेरची तारीख 14 नोव्हेंबर. त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा आली 15 नोव्हेंबरला. राज्यात विधानसभेचे मतदान 20 ला आणि मतमोजणी 23 ला होती. शेवटी मतमोजणीनंतरच्या आठवड्यातील मुहूर्त दोन्ही घरांनी मान्य केला.

हे 'पीआर'चे काम म्हणजे नेमके काय, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना नेहमी पडे. कंपनीची बातमी वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचविणे, पत्रकारांच्या प्रश्नांना वेळेत आणि अचूक उत्तर मिळेल हे पाहणे, संकट आले तर कोणी, केव्हा, काय बोलावे हे आधीच ठरवून ठेवणे, असे ती समजावून सांगे. आजोबांनी त्याचा अर्थ एका शब्दात लावला होता: 'पत'. बाजारात माल उधार मिळतो तो पतीवर, आणि पत एकदा गेली की ती रोख पैशानेही परत घेता येत नाही. दुसऱ्याची पत सांभाळण्याची ही नोकरी आहे, एवढे त्यांना पटले होते.

त्यांचा अर्थ फारसा चुकीचा नव्हता. या व्यवसायाच्या इतिहासात 1906 सालचा एक प्रसंग आवर्जून सांगितला जातो. अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला. अपघाताची माहिती दडपण्याची तेव्हाच्या कंपन्यांची रीत होती. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे सल्लागार आयव्ही ली यांनी मात्र उलट केले. कंपनीचे निवेदन त्यांनी स्वतः काढले आणि पत्रकारांना अपघाताच्या ठिकाणी नेण्याची व्यवस्था केली. अप्रिय गोष्ट लपवू नये, ती आपणच, आधी आणि पूर्ण सांगावी, हा धडा तेथून या व्यवसायाला मिळाला. त्या धड्याची कसोटी आपल्याच लग्नाच्या पत्रिकेवर लागेल, याची मात्र नातीला कल्पना नव्हती.

भोजनाची वेळ

प्रश्न रात्रिभोजनाचा होता. आजींचा चौविहार कित्येक वर्षांचा. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी नातीजवळ एकच इच्छा बोलून दाखविली, "तुझ्या लग्नात आपल्या हातून रात्री कोणाला जेवू घातले जाऊ नये. बाकी तुम्हा मुलांना हवे तसे करा."

वराकडील मंडळीही जैनच. परंतु त्यांचा गोतावळा मोठा आणि मिश्र. व्यापारातील ओळखी, वराच्या कार्यालयातील सहकारी, बँकेचे अधिकारी हे सारे रात्री आठनंतरच येणार. दुकाने बंद करून निघालेल्या माणसाला पाचच्या आत या, असे कसे सांगायचे? आणि आलेल्याला रिकाम्या पोटी कसे परत पाठवायचे? होणाऱ्या सासूबाईंची चिंता खोटी नव्हती. "लोक म्हणतील, एवढी मोठी पेढी आणि पाहुण्याला जेवायलाही विचारले नाही," असे त्या म्हणाल्या. कोणी मधला मार्ग सुचविला: घरची मंडळी सूर्यास्तापूर्वी जेवतील आणि पाहुण्यांसाठी मागच्या लॉनवर वेगळी सोय राहील. आजींना दिसणार नाही, म्हणजे त्यांना वाईटही वाटणार नाही.

नातीने या सूचनेवर दोन दिवस विचार केला. असे दोन चेहऱ्यांचे कार्यक्रम तिने नोकरीत पाहिले होते. व्यासपीठावर एक आणि पडद्यामागे दुसरे असले की ते कधी ना कधी उघडे पडते, आणि तेव्हा मूळ गोष्टीपेक्षा लपवाछपवीच अधिक बोचते. शिवाय येथे फसवणूक होणार होती ती ज्यांच्या मांडीवर ती वाढली त्या आजींची. तिने दोन्ही घरांना एकत्र बसविले आणि कार्यालयात क्लायंटसमोर मांडावा तसा आराखडा मांडला. नोव्हेंबरअखेरीस पुण्यात सूर्य सहाच्या थोडा आधीच मावळतो. म्हणून विधी सकाळी, मुख्य भोजन दुपारी 12 पासून, तेच पुढे स्वागत समारंभाला जोडून साडेपाचपर्यंत चालू. त्यानंतर भेटीगाठी आणि आशीर्वाद आठपर्यंत, परंतु स्वयंपाकघर बंद. ज्यांना दुपारी येणे खरोखरच अशक्य आहे, त्यांना लग्नानंतरच्या रविवारी घरी दुपारच्या भोजनाचे आमंत्रण.

मग आली ती ओळ. पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नव्हे, तर मुहूर्ताच्या लगेच खाली, त्याच आकारात छापली गेली: 'भोजन दुपारी 12 ते 5.30. आमच्या घरच्या नियमानुसार सूर्यास्तानंतर भोजनाची व्यवस्था नाही. कृपया त्यापूर्वी यावे, ही आग्रहाची विनंती.' सासूबाईंनी मसुदा तीनदा वाचला. 'व्यवस्था नाही' हे शब्द त्यांना कठोर वाटले. नातीने 'आग्रहाची विनंती' तेवढी वाढविली. 'नाही' मात्र तसेच ठेवले. केवळ छापून भागत नाही, हेही तिला ठाऊक होते. रात्रीच येतील अशा साधारण साठ कुटुंबांची यादी काढून दोन्हीकडच्या काका-मामांत ती वाटून दिली, आणि प्रत्येकाला फोन गेला.

पैसा आणि प्रसिद्धी

निवडणुकीमुळे 15 ऑक्टोबरपासून आचारसंहिता लागू होती. 50 हजारांहून अधिक रोकड कागदपत्रांशिवाय सोबत नेली तर तपासणी पथकाकडून ती ताब्यात घेतली जाण्याचा धोका होता. घरात मंडप, फुले, आचारी यांचे पैसे रोखीने देण्याची जुनी सवय. सनदी लेखापालांनी आणखी एक आठवण करून दिली. 2017 पासून आयकर कायद्यानुसार एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. हप्ते पाडले तरी प्रसंग एकच धरला जातो, आणि दंड स्वीकारणाऱ्याला होतो. परिणामी सर्व व्यवहार धनादेशाने आणि बँकेमार्फत झाले. पेढीच्या मुनिमांनी लग्नाची स्वतंत्र खतावणी उघडली. लग्नाचा नेमका खर्च किती, हे त्या घरात प्रथमच निश्चित आकड्यांत कळले, आणि तो आकडा पाहून दोन अनावश्यक कार्यक्रम आपोआप रद्द झाले.

प्रसिद्धीचा प्रश्न अधिक नाजूक होता. नातीच्या वर्तमानपत्रांतील ओळखी साऱ्या घराला माहीत. "एक फोन केलास तर फोटोसह बातमी येईल," असे आत्यांनी हौसेने सुचविले. तिने नम्रपणे नकार दिला. पत्रकारांशी असलेले संबंध हे तिचे खाजगी भांडवल नव्हते. तो संस्थेचा विश्वास होता. मुनिमाच्या हाती पेढीची तिजोरी असते, म्हणून तो तिच्यातून घरखर्च भागवीत नाही, हे उदाहरण तिने दिले तेव्हा आजोबा हसले आणि विषय संपला.

राहून गेलेले मांगलिक

एवढे नियोजन असूनही एक गोष्ट निसटली, आणि तीच सर्वांत महत्त्वाची होती.

शेजारच्या उपाश्रयात त्या वर्षी ज्या साध्वीजींचा चातुर्मास होता, त्यांच्याकडे नात लहानपणी पाठशाळेत बसली होती. विहारापूर्वी नातीने त्यांच्यासमोर बसून मांगलिक ऐकावे, असे आजींच्या मनात होते. नातीने 14 तारखेला रात्री पुण्याला येण्याचा शब्द दिला होता. त्या दिवशी एका कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक लांबली. निकाल रात्री उशिरा जाहीर झाले, मग पत्रकारांचे फोन, मग दुसऱ्या दिवशीच्या स्पष्टीकरणांची तयारी. पौर्णिमेचा दिवस मुंबईतच गेला. ती घरी पोहोचली तेव्हा साध्वीजी पुढच्या मुक्कामी निघून गेल्या होत्या. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी ताट वाढले आणि माळ घेऊन बसल्या.

त्या मौनाने जे केले, ते रागावण्याने झाले नसते. दुसऱ्या दिवशी नातीने आपल्या वरिष्ठांना दूरध्वनी केला. लग्नाच्या रजेत "तातडीचे असेल तर फोन चालू ठेवते" असे तिने कबूल केले होते. ते तिने मागे घेतले. सहकाऱ्याशी क्लायंटची ओळख तिने तीन आठवडे आधीच करून दिली होती. आता तिने प्रत्येक कंपनीची टिपणवही पूर्ण केली: कोणते काम कोठवर आले, कोणाला काय शब्द दिला आहे, अडचण आल्यास कोणी बोलावे. रजेवर जाणारा मुनीम रोजमेळ मिळवून किल्ल्या सोपवितो, तशी ही सोपवणूक झाली.

त्यानंतरच्या रविवारी ती आणि आजी गाडीने साध्वीजींच्या मुक्कामी गेल्या. सूर्योदयानंतर विहार सुरू झाला तेव्हा नात अनवाणी त्यांच्यासोबत चालली. आजी गाडीत बसून पुढच्या गावी थांबल्या. फोन आजींच्या पिशवीत बंद होता. मांगलिक एका शाळेच्या व्हरांड्यात झाले. साध्वीजींनी तिला कामाबद्दल विचारले. दुसऱ्यांसाठी बोलण्याचे काम आहे, असे तिने सांगितले. "मग भाषासमिती तुलाच अधिक पाळावी लागेल," एवढेच त्या म्हणाल्या.

साडेपाच वाजता

विवाहाच्या दिवशी साडेपाचला वाढप थांबले. पावणेसहापर्यंत भांडी उचलली गेली. आजींनी शेवटचे पाणी घेतले, पच्चक्खाण केले आणि नातीच्या बाजूला येऊन बसल्या. निमंत्रितांपैकी बहुतेक जण वेळेत आले होते. कार्यालयातील सहकारी तर चारलाच हजर होते. तथापि सारेच सुरळीत झाले, असे म्हणता येणार नाही. काही मंडळी सवयीने आठला आली आणि जेवण नाही हे पाहून नाराज झाली. दोघा-तिघांनी ते वरपित्यांना बोलूनही दाखविले. सासूबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. दुसऱ्या दिवशी नव्या सुनेने त्या प्रत्येक घरी स्वतः फोन केला, क्षमा मागितली आणि रविवारचे आमंत्रण दिले. एक कुटुंब आले नाही. बाकीचे आले.

नोकरी करणाऱ्या मुलींचे विवाह आता आपल्या घरोघरी होत आहेत. तिच्या कामाची घाई कोणत्या महिन्यांत असते, हे मुहूर्त काढण्यापूर्वी विचारणे आणि मुलीनेही रजेपूर्वी काम पूर्णपणे सोपविणे, एवढे झाले तर पुष्कळ ताण टळतो. परंतु या विवाहातून घेण्याजोगी गोष्ट वेळापत्रकाच्या पलीकडची आहे. घरचा नियम पाळायचा असेल तर तो लपवून पाळता येत नाही. तो लोकांना आधी, स्पष्ट आणि नम्र शब्दांत सांगावा लागतो, आणि त्यातून येणारी थोडी नाराजी सोसावी लागते.

त्या घरी पुढच्या वर्षी धाकट्या नातवाचे लग्न ठरले. पत्रिकेचा मसुदा करताना भोजनाच्या वेळेची ओळ आपण होऊन सुचविली ती वधूच्या आईने. तिने ती थोरल्या नातीच्या पत्रिकेत वाचली होती.