दोम फेर्नांदो सेगुंदो इ ग्लोरिया

दोम फेर्नांदो सेगुंदो इ ग्लोरिया ही पोर्तुगीज आरमारातील ५० तोफांची लाकडी फ्रिगेट आहे. पोर्तुगाल व भारत यांदरम्यानच्या जलमार्गासाठी बांधलेले हे पोर्तुगालचे अखेरचे शिडाचे लढाऊ जहाज होय. राणी मारिया दुसरी हिचे पती दोम फेर्नांदो दुसरे यांचे नाव त्यास देण्यात आले.

पार्श्वभूमी

इ.स. १७७२ मध्ये मराठा आरमाराने 'सांताना' हे पोर्तुगीज जहाज पकडले. सातारच्या छत्रपतींच्या नावाने कारभार पाहणाऱ्या पेशव्यांनी १७ डिसेंबर १७७९ च्या तहान्वये त्याच्या भरपाईदाखल पोर्तुगीजांना महसूल लावून देण्याचे मान्य केले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेलीचा प्रदेश त्यांच्या ताब्यात गेला. ही देणगी सरंजामाच्या स्वरूपाची होती, तिने सार्वभौमत्व हस्तांतरित झाले नाही, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० मध्ये पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्यात काढला. तत्पूर्वी, १९५४ मध्येच हा प्रदेश मुक्त झाला होता.

बांधणी

नगर हवेलीच्या जंगलातील सागवान जवळच्या दमण येथील गोदीत आणून पोर्तुगीज व भारतीय कारागिरांनी हे जहाज बांधले. एका जहाजाच्या भरपाईत मिळालेल्या भूमीतील लाकडातून अशा रीतीने दुसरे जहाज उभे राहिले. २२ ऑक्टोबर १८४३ रोजी त्याचे जलावतरण झाले. त्यानंतर सांगाडा गोव्यास नेऊन त्यावर डोलकाठ्या व शिडे चढविण्यात आली.

सेवाकाळ

२ फेब्रुवारी १८४५ रोजी गोव्याहून निघालेले हे जहाज ४ जुलै रोजी लिस्बनला पोहोचले. पुढे सुमारे ३३ वर्षे त्याने सैनिक, अधिकारी व वसाहतींकडे जाणारे प्रवासी यांची ने-आण केली आणि एक लाखाहून अधिक सागरी मैलांचा प्रवास केला. १८६५ पासून त्यावर नौदलाची तोफखाना प्रशाला भरू लागली. १८७८ मध्ये त्याची अखेरची सफर झाली.

आग व जीर्णोद्धार

विसाव्या शतकात या जहाजावर गरीब मुलांसाठी निवासी शिक्षणसंस्था चालविली जात असे. ३ एप्रिल १९६३ रोजी लागलेल्या आगीत त्याचा मोठा भाग नष्ट झाला. अर्धवट जळालेला सांगाडा १९९२ पर्यंत टॅगस नदीच्या गाळात पडून होता. त्यानंतर जीर्णोद्धार होऊन १९९८ च्या लिस्बन जागतिक प्रदर्शनात ते मांडण्यात आले. सध्या ते लिस्बनसमोरील काशिल्यास येथे संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.