कार्ड चालले नाही, तर तारीखही जाते

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आईवडिलांचा मुक्काम वाढवायचा ठरला की आय-५३९ हा अर्ज करावा लागतो. पूर्वी पाकिटात फीचा चेक घातला की भागायचे. तिथल्या इमिग्रेशन खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, २८ ऑक्टोबर २०२५ पासून काही अपवाद सोडता कागदी अर्जांसोबत चेक आणि मनीऑर्डर घेणे बंद केले. आता कार्डाने पैसे द्यायचे तर जी-१४५० हा फॉर्म जोडायचा, नाहीतर जी-१६५० भरून अमेरिकी बँकखात्यातून रक्कम वळती करू द्यायची.

जी-१४५० साठी कार्ड अमेरिकी बँकेचेच लागते. पुण्याहून गेलेल्या आईवडिलांचे भारतीय कार्ड इथे चालत नाही. मुलाच्या किंवा सुनेच्या कार्डाने फी भरता येते. फॉर्मवर सही मात्र कार्डधारकाचीच हवी.

खरी अडचण येते ती कार्ड नाकारले गेले तर. ऑनलाइन अर्जात ते तिथल्या तिथे कळते, दुसरे कार्ड वापरता येते. कागदी अर्जात कार्डाचा नंबर टपालाने जातो आणि पाकीट उघडून तो वापरला जाईपर्यंत दिवस जातात. मधल्या काळात कार्डाची मर्यादा संपली, कार्ड बदलले किंवा एकदम आलेली शेकडो डॉलरची मागणी बँकेला संशयास्पद वाटली, तर इमिग्रेशन खाते अख्खा अर्ज परत पाठवू शकते. परत आलेल्या अर्जाची पहिली तारीख धरली जात नाही. तोवर आय-९४ या प्रवेशनोंदीवरची मुक्कामाची मुदत उलटली असेल, तर नवा अर्ज उशिराचा ठरतो आणि मुदतीबाहेरचा मुक्काम पुढच्या व्हिसाच्या वेळी आड येऊ शकतो. फी भरायला तयार असलेल्या माणसावर ही टांगती तलवार ठेवणे मला अन्यायाचे वाटते. दुसरे कार्ड द्यायला चार दिवसांची सवड तरी खात्याने द्यायला हवी.

तोवर शक्य असेल तिथे अर्ज ऑनलाइनच करावा. एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार आय-५३९ ची फी कागदी अर्जाला ४७० डॉलर आणि ऑनलाइन ४२० डॉलर. कागदच पाठवायचा असेल तर मुदतीच्या पुष्कळ आधी पाठवावा, बँकेला आगाऊ कळवावे आणि फी वळती होईपर्यंत त्या कार्डावर मोठी खरेदी करू नये. अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही. बँकेकडे तक्रार करून ती उलटवून घेण्याची वाटही २०२४ च्या नियमांनी बंद केली आहे.