घड्याळाची परीक्षा

सांगोला येथे अंगणात एक सरळ काठी रोवून तिची सावली पाहिली, तर मोठी मौज दिसते. घरातील घड्याळात बारा वाजतात, तरी सावली सर्वांत आखूड झालेली नसते. त्यासाठी वर्षाच्या सरासरीने १२ वाजून २९ मिनिटे व्हावी लागतात. यात घड्याळाचा दोष नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि सांगोला त्या रेषेच्या सात अंशांहून थोडे अधिक पश्चिमेस आहे; पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात.

मग सूर्यालाच प्रमाण का मानू नये? कारण तोही रोज एकाच वेळी माथ्यावर येत नाही. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षाही पूर्ण वर्तुळाकार नाही. म्हणून सांगोल्याचा मध्यान्ह फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४३ मिनिटांनी होतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १३ मिनिटांनीच होतो. सेकंदाचा हिशेब मागावयाचा असेल, तर सावली उपयोगी पडत नाही. तेथे घड्याळाची परीक्षा दुसऱ्या घड्याळानेच घ्यावी लागते.

प्रत्येक घड्याळात पुन्हा पुन्हा तीच हालचाल करणारी एखादी वस्तू असते. जुन्या घड्याळात लंबक असे. आजच्या साध्या घड्याळात गारेचा एक चिमुकला स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि काटा एक सेकंद पुढे सरकतो. असा स्फटिक सुमारे २५ अंश उष्णतामानात उत्तम चालतो. थंडीत आणि उन्हाळ्यातही तो मंदावतो. सांगोल्याच्या वैशाखात पत्र्याच्या छपराखाली तो दिवसभर ४० अंशांत राहिला, तर दिवसाकाठी अर्ध्या सेकंदाहून अधिक मागे पडतो.

ही परीक्षा घेण्यास एक वही पुरते. रोज ठरलेल्या वेळी घरातील घड्याळ प्रमाणवेळेशी ताडून पाहावे आणि फरक लिहून ठेवावा. समजा, पहिले घड्याळ रोज नेमके चार सेकंद मागे पडते. दुसरे एका दिवशी तीन सेकंद पुढे गेले, दुसऱ्या दिवशी पाच सेकंद मागे पडले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन सेकंद पुढे सरकले. तीन दिवसांनी पहिले बारा सेकंद चुकलेले आणि दुसरे अगदी बरोबर! बहुतेक लोक दुसऱ्यालाच शाबासकी देतील. परंतु चांगले घड्याळ पहिलेच. त्याची चूक ठाऊक असल्याने ती वजा करता येते. दुसरे उद्या काय करील, हे कोणासच सांगता येत नाही. पहिल्याच्या या गुणाला स्थैर्य म्हणतात.

पाहणाऱ्याच्या डोळ्याला आणि हातालाही थोडा उशीर होतो. हा उशीर पाव सेकंदाचा धरला, तर एका दिवसाच्या मोजणीत तो मोठा वाटतो. दहा दिवसांनी एकदाच फरक मोजला, तर तो दहा दिवसांत वाटला जातो. म्हणून स्थैर्य मोजणाऱ्याला घाई करून चालत नाही.

पण प्रमाणवेळ दाखविणारे घड्याळ तरी स्थिर आहे, हे कोणी ठरवावे? दोन घड्याळांत मतभेद झाला, तर चुकले कोण हे कळत नाही. तीन असली, तर एकटे पडलेले घड्याळ ओळखू येते. भारताची प्रमाणवेळ राखणाऱ्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत म्हणूनच एकाहून अधिक अणुघड्याळे आहेत. त्यांत सीझियम या धातूच्या अणूंचा आधार घेतात. १९६७ साली सेकंदाची व्याख्याच या अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवरून करण्यात आली.

एवढी सूक्ष्मता कशाला हवी? उपग्रहावरील घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांशाने चुकले, तर जमिनीवरील ठिकाण सांगण्यात सुमारे ३०० मीटरांची चूक होते. कारण तेवढ्या वेळात प्रकाश तेवढे अंतर तोडतो. २०१३ साली भारताने सोडलेल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहावरील तिन्ही अणुघड्याळे पुढे निकामी झाली. उपग्रह आकाशात धडधाकट होता, परंतु ठिकाण सांगण्याच्या कामातून बाद झाला. ही घड्याळे परदेशातून आणलेली होती. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहावर मात्र भारतात घडविलेले अणुघड्याळ गेले.

घरगुती मोजणी कोठवर जाऊ शकते, याचे एक नवल अमेरिकेत घडले. टॉम व्हॅन बाक या गृहस्थांनी २००५ साली आपल्या तीन मुलांसह तीन सीझियम घड्याळे मोटारीत घातली आणि रेनिअर पर्वतावर दोन दिवस मुक्काम केला. उंचावर गुरुत्वाकर्षण किंचित कमी भासते आणि घड्याळ किंचित जलद चालते, असे आइन्स्टाइनचे गणित सांगते. परत आल्यावर घरी ठेवलेल्या घड्याळांशी ताडून पाहता, प्रवासास गेलेली घड्याळे सेकंदाच्या सुमारे २२ अब्जांशांनी पुढे गेलेली आढळली. निघण्यापूर्वी ती सर्व घड्याळे घरीच एकमेकांशी ताडून ठेवली होती. म्हणून हा इवलासा फरक पर्वताचा आहे, घड्याळाच्या लहरीचा नव्हे, हे ओळखता आले.