हत्ती, गाढव आणि बदललेल्या बाजू

बालमित्रांनो, पक्षाचं चिन्ह म्हणून कुणी गाढव घेईल का? अमेरिकेत मात्र डेमोक्रॅटिक पक्षाची ओळख गाढव आणि रिपब्लिकन पक्षाची हत्ती! थॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकारामुळे ही चित्रं १९व्या शतकात घरोघरी पोचली. पण खरं कोडं पुढेच आहे.

गुलामगिरीविरुद्ध लढलेले अध्यक्ष अब्राहम लिंकन रिपब्लिकन होते. आणि २००८ साली निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष बराक ओबामा? डेमोक्रॅट! असं कसं झालं?

रिपब्लिकन पक्ष १८५४ साली जन्मला, तोच मुळी गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू नये म्हणून. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर होता आणि तिथले कापसाचे मळे गुलामांच्या घामावर चालत. १८६० साली लिंकन निवडून आले आणि १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं. १८६५ सालीच घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ सालचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केलं, बरं का!

पण १८७७ साली केंद्र सरकारने दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं. तिथल्या डेमोक्रॅट सरकारांनी हळूहळू काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या केल्या, आगगाडीचे डबेही वेगळे केले. मत द्यायला जावं, तर आधी कर भरा, वाचनाची परीक्षा द्या! रिपब्लिकनांचाही जुना उत्साह ओसरला.

मग वारं फिरलं. १९३०च्या दशकातल्या महामंदीत डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांनी गरिबांना काम दिलं. १९३६ साली बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार त्यांच्यामागे उभे राहिले. आता एकाच घरात दोन भांडणारे भाऊ! १९४८ साली डेमोक्रॅट अधिवेशनाने समान हक्कांचा ठराव केला, तेव्हा दक्षिणेतले काही प्रतिनिधी चक्क उठून गेले.

खरी कसोटी लागली १९६४ साली. वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. बाजूने ४६ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन. विरुद्ध २१ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन. पण पक्ष बाजूला ठेवून नकाशा बघा. यादवी युद्धात फुटून निघालेल्या ११ राज्यांचे २२ सिनेटर होते. त्यांतला फक्त एक जण कायद्याच्या बाजूने होता! म्हणजे भांडण पक्षापेक्षा प्रदेशाचं जास्त होतं.

कायद्यावर सही केली ती टेक्सासच्या, म्हणजे दक्षिणेतल्याच, डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी. विरोधात मत देणारे रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर त्याच वर्षी अध्यक्षपदाला उभे राहिले आणि हरले. पण वर्षानुवर्षं डेमोक्रॅटांना मत देणाऱ्या मिसिसिपीने त्यांना ८७ टक्के मतं दिली!

तरी बदल एका रात्रीत झाला नाही. लोकप्रतिनिधी सभागृहात दक्षिणेतल्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांकडे जायला १९९४ साल उजाडलं.

तर दोस्तांनो, पक्षाची पाटी तीच राहते, आतला माल बदलतो. म्हणून ‘अमुक पक्ष पहिल्यापासून असाच’ असं कुणी म्हणालं, की तीन प्रश्न विचारा: कोणत्या साली? कोणत्या भागात? आणि मत कुणी कुणाच्या बाजूने दिलं?