संथ केलेले सूर

दुपारच्या जेवणानंतर घटकाभर आडवे व्हावे आणि शेजारच्या खोलीतून चमत्कारिक आवाज येऊ लागावा, असा अनुभव अलीकडे पुष्कळ घरांत येतो. गिटारचे चार सूर, तेही कोणी झोपेत वाजवावेत तसे. मग क्षणभर शांतता. पुन्हा तेच चार सूर. अर्धा तास लोटला तरी गाणे पुढे सरकत नाही. यंत्र बिघडले असावे अशा समजुतीने आपण डोकावून पाहता, तो घरातील मुलगा किंवा मुलगी मांडीवर गिटार घेऊन बसलेली असते. यंत्र धडधाकट असते. गाणे मुद्दाम संथ केलेले असते. वाचकहो, 'हा कसला पोरखेळ' म्हणून रागावण्यापूर्वी हा खटाटोप कशासाठी चालला आहे ते समजून घ्यावे, एवढीच विनंती आहे.

पाश्चात्त्य धाटणीच्या गाण्यात मध्येच गिटारवादक काही काळ एकटा पुढे येऊन वाजवतो. त्या तुकड्यास सोलो म्हणतात. तो बहुधा कागदावर लिहिलेला नसतो; वादकास त्या दिवशी सुचला तसा मुद्रित झालेला असतो. मिनिटास १२० ठोक्यांची लय धरली आणि प्रत्येक ठोक्यात चार सूर आले, तर सेकंदास ८ सूर कानावरून निघून जातात. त्यांचा आनंद घेता येतो, पण ते वेगवेगळे ओळखणे नवख्यास शक्य होत नाही. आपल्याकडे गुरू द्रुत तान शिष्यासमोर विलंबितात सोडवून दाखवतो. तबकडीवरील वादक कोणासाठी थांबत नाही. म्हणून त्याला थांबविण्याच्या युक्त्या निघाल्या.

पहिली युक्ती रेकॉर्ड प्लेअरनेच देऊ केली. १९५०-६० च्या सुमाराच्या पुष्कळ यंत्रांना मिनिटाला १६, ३३, ४५ आणि ७८ फेऱ्या असे चार वेग असत. ३३ फेऱ्यांची, म्हणजे हिशेबाने ३३⅓ फेऱ्यांची, मोठी तबकडी १६⅔ वर लावली की वेग नेमका निम्मा होई. पण त्याबरोबर स्वरही बरोबर एक सप्तक खाली उतरे, कारण तबकडी सावकाश फिरली म्हणजे सुईची कंपनेही त्याच प्रमाणात कमी होतात. गिटारच्या पहिल्या तारेवर बाराव्या पडद्याला जो सूर निघतो, तो अशा रीतीने मोकळ्या पहिल्या तारेच्या सुरावर येऊन बसे. निदान स्वराचे नाव तरी तेच राही! ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी ३३ वर लावणाऱ्याची पंचाईत याहून मोठी. त्याचा सा मंद्र पंचमाजवळ येई, पण नेमका पंचमावर नव्हे, किंचित खाली. म्हणजे आधी सारी गिटार उतरवून घेणे आले. टेपरेकॉर्डरवर सेकंदाला साडेसात इंच वेगाने मुद्रित केलेली फीत पावणेचार इंचांच्या वेगाने वाजवली की पुन्हा निम्मा वेग आणि खालचे सप्तक.

१९७८ साली इंदूरला शिकत असताना मीही या वाटेने गेलो. वसतिगृहातील मित्राच्या थोरल्या भावाने परदेशाहून आणलेली ब्लूज संगीताची एक तबकडी पंधरा दिवसांच्या बोलीवर मागून आणली आणि दीड महिना ठेवली. यंत्रावर १६ चा वेग होता. सोलोतील एका जागेसाठी मी सुई बोटाने उचलून मागे ठेवी. दिवसातून किती वेळा, याचा हिशेब नाही. तो तुकडा मला आला खरा. पण तबकडीच्या त्या जागी कायमची खरखर उमटली. परत देताना मी ती सांगितली नाही. त्या सद्गृहस्थांना ती अर्थातच ऐकू आली असणार. ते काही बोलले नाहीत; दुसरी तबकडी मात्र त्यांनी कधी दिली नाही.

आज असे काही होत नाही. यूट्यूबवर चित्रफितीचा वेग पाव पटीपर्यंत खाली आणता येतो आणि स्वर जागचा हलत नाही. ऑडॅसिटी नावाच्या विनामूल्य संगणक-कार्यक्रमात यासाठी दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत: एकीने वेग आणि स्वर दोन्ही बदलतात, दुसरीने केवळ लय बदलते. आपल्याला हवी ती दुसरी. ही किमया साधते कशी? एक रीत अशी: आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशांएवढे बारीक तुकडे पाडावयाचे, ते एकमेकांवर थोडे चढवून ओळीने मांडावयाचे आणि मधून मधून एखादा तुकडा दोनदा वाजवावयाचा. तुकड्याच्या आतील कंपने तीच राहतात, म्हणून स्वर टिकतो. तुकडे वाढतात, म्हणून वेळ वाढतो. पुढे होलोग्राफीसाठी १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे डेनिस गाबोर यांनी १९४६ सालीच या दिशेने विचार मांडला होता, आणि १९६६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लॅनगन व गोल्डन यांनी 'फेज व्होकोडर' ही निराळी गणिती पद्धत सिद्ध केली. गंमत ही की यांच्यापैकी कोणाच्या मनात गिटार नव्हती! मनुष्याचे बोलणे तारेवरून थोड्या जागेत कसे धाडावे, हा त्यांचा प्रश्न होता.

तथापि या साधनाचीही मर्यादा आहे. वेग निम्म्याच्या खाली गेला की सूर पाण्यातून आल्यासारखे लागतात, तारेवरील आघात फाटतो, ढोलाचा एक ठोका दोन झाल्यासारखा भासतो. म्हणून आपल्या मुलांना सांगावे, की आरंभ पाऊण वेगाने करा; दोन-चार सेकंदांचाच तुकडा घ्या; गिटारला हात लावण्यापूर्वी तो तोंडाने गुणगुणून पाहा. गुणगुणता येत नसेल, तर तो अजून ऐकलाच गेलेला नाही. वेस मॉन्टगोमेरी यांनी चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाचे सोलो तबकड्यांवरून केवळ कानाने पाठ केले आणि पुढे ते वाजवण्यासाठीच त्यांना क्लबात काम मिळाले. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होऊ लागला तेव्हा त्यांनी पिक सोडून अंगठ्याने छेडण्यास आरंभ केला, आणि अंगठ्याचा तो मऊ नाद पुढे त्यांची ओळख ठरला. शेजारच्या खोलीत आडवे झालेल्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता त्या इंदूरच्या तबकडीची उरलेली हकीकत. २०१६ साली माझ्या पुतण्याने तेच ध्वनिमुद्रण संगणकावर साठ टक्के वेगाने लावले. स्वर जागच्या जागी, आवाज स्वच्छ. मी ज्या जागेसाठी सुई झिजवली होती तेथे मी एकामागून एक दोन पडदे दाबून दोन सूर काढीत असे. वस्तुतः तेथे पडदा एकच होता. वादकाने तार आडवी खेचून खालच्या सुरावरून वरच्या सुरावर मींड घेतली होती आणि वर पोहोचल्यावर ती किंचित थरथरत ठेवली होती. १९७८ साली मंद्र सप्तकातील त्या घोगऱ्या आवाजात मी सूर कोणते एवढेच शोधत होतो. एका सुरावरून दुसऱ्यावर तो जातो कसा, हे ऐकण्याचे सुचलेच नाही.

पुतण्याने ती मींड दोन दिवसांत बसवली. माझी बोटे मात्र अडतीस वर्षांच्या सवयीने अजूनही दुसऱ्या पडद्याकडेच धावतात. रोज सकाळी मी ती जागा साठ टक्क्यांवर लावतो, आणि आता आमच्या घरी दुपारी झोपणाऱ्यांची तक्रार माझ्याविरुद्ध आहे.