सुपर जीटी : जपानच्या शर्यतीची वाट पाहताना

रविवारी सकाळी दहा वाजता तुम्ही काय करता? पोह्यांची बशी हातात असते, मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात. त्याच वेळी जपानमध्ये दुपारचा दीड वाजलेला असतो. वसंतातल्या एखाद्या रविवारी तिथल्या स्टँडमध्ये आजोबांपासून नातवापर्यंत सगळे गळ्यात टॉवेल, हातात झेंडा घेऊन बसलेले असतात. थोड्याच वेळात सुपर जीटी सुरू होणार असते.

पण या क्षणाआधी चाहत्यांनी चार-पाच महिने वाट पाहिलेली असते. हंगाम साधारण नोव्हेंबरमध्ये संपतो आणि नवा एप्रिलमध्ये उगवतो. या काळात त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. आपला ड्रायव्हर दुसऱ्या संघात तर जाणार नाही ना? आपली गाडीच बदलणार का? ही भीती उगाच नाही. २०२१नंतर निसानने या शर्यतीतली आपली लाडकी जीटी-आर थांबवून झेड आणली. २०२३नंतर होंडाची एनएसएक्स गेली आणि सिविक टाइप-आर आली. वर्षानुवर्षं एकाच गाडीसाठी ओरडणाऱ्याला हा निरोप सोपा नसतो.

हे वेड आलं कुठून?

१९८५ साली जपानमध्ये टूरिंग कारची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. टूरिंग कार म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचंच शर्यतीसाठी सजवलेलं रूप. १९९० ते १९९३ या काळात निसान स्कायलाइन जीटी-आरने तिथे २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या! एकच गाडी सतत जिंकू लागली की मजा संपते. १९९३मध्येच जपानी जीटी स्पर्धेची सुरुवात झाली आणि २००५पासून तिला सुपर जीटी हे नाव मिळालं.

इथे दोन वर्ग एकाच वेळी धावतात. जीटी५०० मध्ये टोयोटा, निसान आणि होंडा यांच्या अतिवेगवान गाड्या असतात. जीटी३०० मध्ये देशोदेशींच्या गाड्यांची गर्दी असते. पहिल्यांदा बघत असाल तर हेडलाइट पाहा. पांढरे दिवे जीटी५००चे, पिवळे जीटी३००चे. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळणारी गाडी हळू गाड्यांच्या गर्दीतून वाट काढते, तेव्हा स्टँडमधले लोक श्वास रोखून धरतात.

जिंकलात? मग वजन घ्या

घरी खेळताना मोठ्या भावाला आपण सांगतो, ‘‘तू जरा मागून पळ.’’ सुपर जीटीचा नियम तसाच आहे. जितके गुण मिळवाल, तितकं ओझं पुढच्या शर्यतीत तुमच्या गाडीवर चढतं. अनेक वर्षं जिंकणाऱ्याला २० गुण आणि एका गुणामागे २ किलो असा हिशोब चालला. म्हणजे एका विजयाची किंमत ४० किलो! हंगाम संपत येताना हे ओझं कमी होतं आणि शेवटच्या शर्यतीत उतरतं. म्हणूनच मागे पडलेल्या संघाचा चाहताही शेवटपर्यंत आशा सोडत नाही.

२०१८ सालच्या शेवटच्या शर्यतीत दोन जोड्या अगदी समान गुणांवर उतरल्या होत्या. माजी एफ-१ विजेता जेन्सन बटन आणि नाओकी यामामोतो तिसरे आले, तर रियो हिराकावा आणि निक कॅसिडी चौथे. एका जागेने विजेतेपद ठरलं.

दोन वर्षांनी याहून वाईट घडलं. २०२०मध्ये कोरोनामुळे हंगाम जुलैत सुरू झाला, सुरुवातीच्या शर्यती रिकाम्या स्टँडसमोर झाल्या. फुजीच्या शेवटच्या शर्यतीत हिराकावा सर्वांत पुढे होता. शेवटची फेरी, शेवटचं वळण, अंतिम रेषा समोर. आणि इंधन संपलं! मागून आलेला यामामोतो पुढे निघून गेला. शर्यतही त्याची आणि विजेतेपदही. त्या हिवाळ्यात हिराकावाच्या चाहत्यांनी पुढच्या हंगामाची वाट कशी पाहिली असेल, विचार करा.

चाहताच प्रायोजक

जीटी३०० मध्ये एक गाडी मुलांना हमखास आवडेल. तिच्यावर निळसर-हिरव्या लांब केसांची हात्सुने मिकू असते. मिकू ही संगणकाच्या आवाजावर गाणारी काल्पनिक गायिका. २००८पासून तिचं चित्र या शर्यतीत धावतंय. दरवर्षी तिचा नवा पोशाख आणि गाडीचं नवं रूप जाहीर होतं, त्याचीही वाट पाहिली जाते. या संघाला सामान्य चाहते स्वतःच्या खिशातून पैसे देतात आणि वैयक्तिक प्रायोजक होतात. या गाडीने २०११, २०१४ आणि २०१७ साली आपल्या वर्गाचं विजेतेपद मिळवलं. तेव्हा ‘आपण जिंकलो’ असं म्हणण्याचा त्यांना खरोखर हक्क होता.

आपला माणूसही तिथे होता

भारताचा पहिला एफ-१ ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन २०१९मध्ये सुपर जीटीत होंडाची एनएसएक्स चालवत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुजीला जर्मनीच्या डीटीएम गाड्या आणि जीटी५०० गाड्यांची खास लढत झाली. दुसऱ्या दिवशीची शर्यत जिंकली कार्तिकेयनने! आपल्याकडे मात्र ही बातमी फार थोड्यांपर्यंत पोहोचली.

तुम्हीही पाहा

 * जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. त्यामुळे त्यांची दुपारची शर्यत आपल्याला सकाळीच पाहता येते.

 * मार्चमध्ये सराव चाचण्या होतात. बहुतेक वर्षी एप्रिलमध्ये ओकायामाला पहिली शर्यत आणि मेच्या सुट्टीत फुजीला दुसरी. वेळापत्रक आणि प्रक्षेपणाची माहिती स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

 * घरातल्या प्रत्येकाने एकेक गाडी निवडा. निसानच्या गाडीवर २३ आकडा दिसला तर मुलांना गंमत सांगा. जपानीत २ म्हणजे ‘नि’ आणि ३ म्हणजे ‘सान’!

 * पिटवर लक्ष ठेवा. एका गाडीचे दोन ड्रायव्हर असतात. बदलीच्या त्या काही सेकंदांत शर्यत फिरू शकते.

 * मुलांना आवर्जून सांगा, हा वेग ट्रॅकवरच शोभतो, आपल्या रस्त्यावर नाही.

गाडी निवडलीत की एक तयारी ठेवा. ती हरेलही, एखाद्या वर्षी शेवटच्या वळणावर थांबेलही. तरी पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही रविवारी लवकर उठून मोबाइल लावलात, तर समजा, तुम्हीही त्या स्टँडमधलेच झालात.