एक मंडळी, बाप्तिस्म्याच्या दोन रीती

ख्रिस्ती लोकांत एवढे पंथ, म्हणजे प्रत्येकाचा देव आणि श्रद्धाही वेगळी असणार, असं सर्रास बोललं जातं. हे खरं नाही. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव), येशू ख्रिस्ताचं देवत्व आणि मनुष्यत्व, त्याचं मरण व पुनरुत्थान यांवर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांचं एकमत आहे. इ.स. ३२५च्या परिषदेत मूळ असलेला नीकियाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिकांप्रमाणेच अनेक प्रोटेस्टंट मंडळ्याही मानतात.

याहून खोल रुजलेला गैरसमज म्हणजे, एक व्हायचं तर सगळ्यांनी एकसारखं व्हायलाच हवं. त्याला नागपुरात उत्तर मिळालं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांनी मिळून तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. बोलणी १९२९पासून चालू होती. एक अवघड गाठ होती बाप्तिस्म्याची. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन घरांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्टांना हे पटत नसे; ज्याला विश्वास कळतो त्यानेच बाप्तिस्मा घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. या सहांपैकीच, डहाणूकडे काम केलेल्या ब्रदरन मंडळीत तर माणूस पाण्यात गुडघे टेकतो आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावांनी त्याला तीनदा पुढे वाकवून बुडवतात.

कुणालाही आपली रीत सोडावी लागली नाही. बाळाला बाप्तिस्मा द्या, मोठेपणी तो स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करील. किंवा बाळाचं फक्त समर्पण करा, बाप्तिस्मा तो जाणतेपणी घेईल. दोन्ही वाटा एकाच मंडळीत मान्य झाल्या. याला कुणी श्रद्धेची पातळ तडजोड म्हणतं, ते मला मुळीच पटत नाही. पवित्र शास्त्राचा अधिकार आणि प्राचीन मतांगीकार यांवर सगळे ठाम होते, म्हणूनच बाकीच्या बाबतीत एवढी मोकळीक देता आली.

‘आता सगळे एक झाले’ हेही चूकच. अमेरिकन परंपरेतल्या मेथडिस्टांनी ऐन वेळी माघार घेतली. कॅथलिक मात्र कायमचे वेगळेच, असंही नाही. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला प्रोटेस्टंटांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं. पुन्हा देत नाही. विश्वासाने नीतिमान ठरण्याचा प्रश्न सोळाव्या शतकात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात पडलेल्या फुटीच्या मुळाशी होता. त्यावर कॅथलिक आणि लुथरनांनी १९९९मध्ये आउग्सबुर्ग इथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि २००६मध्ये मेथडिस्टही त्यात आले. प्रभुभोजनाला मात्र कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अजून वेगवेगळे बसतात, आणि हे दुखणं लपवण्यात अर्थ नाही.